अनुप्रास : डोळ्याचा आणि कानाचा

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'पुढील ओळीतील अलंकार ओळखा' हा प्रश्न पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला आहे. विद्यार्थी ओळीवरून नजर फिरवतो, एकच अक्षर तीनचार ठिकाणी दिसले की त्याखाली रेघ ओढतो, 'अनुप्रास' असे लिहितो आणि एक गुण पदरात पाडून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ती ओळ त्याने मोठ्याने म्हटलेली नसते, दुसऱ्या कोणी त्याला म्हणून दाखवलेली नसते. ज्या अलंकाराचे सारे अस्तित्व नादात आहे, तो नाद न ऐकताच 'ओळखला' जातो, आणि या विसंगतीचे कोणाला नवल वाटत नाही.

वस्तुतः अनुप्रास म्हणजे अक्षरांची मोजदाद नव्हे, ही गोष्ट भारतीय साहित्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वीच निश्चित केली होती. त्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेलेला आढळतो : अक्षराची आवृत्ती कानाला केव्हा गोड लागते, केव्हा टोचते, आणि केव्हा अर्थाच्या आड येते? हा प्रश्न शिक्षकाला माहीत असेल तर वर्गातील अनुप्रासाचा पाठ निराळा होतो. म्हणून त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यात अनुप्रासाचे नाव नाही. अक्षरसमूहाची आवृत्ती आणि तिचे प्रकार यमकाच्या पोटात येतात. पुढे अलंकारशास्त्र स्वतंत्रपणे वाढू लागले तेव्हा भामह आणि दंडी यांच्या ग्रंथांत अनुप्रास आपल्या नावाने उभा राहिला. भामहाने त्याचा 'ग्राम्य' म्हणून एक प्रकार सांगितला आहे. अलंकाराला नाव मिळाले त्या काळापासूनच त्यात सरस-नीरस असा भेद पाहिला जाऊ लागला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दंडी हा सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा, कांचीच्या परिसरातला लेखक. 'काव्यादर्श' या ग्रंथात त्याने अनुप्रासाचे जे मर्म सांगितले आहे, त्याच्याइतके नेमके लक्षण आजच्या व्याकरणाच्या पुस्तकांतही सहसा सापडत नाही. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, वर्णाची आवृत्ती इतक्या जवळ झाली पाहिजे की, पहिल्या उच्चाराचा मनावर उमटलेला ठसा दुसऱ्या उच्चाराने पुन्हा जागा व्हावा. पहिला 'क' ऐकल्यावर त्याचा संस्कार विरून जाण्यापूर्वी दुसरा 'क' कानावर पडला, तरच तो अनुप्रास. मध्ये दहा शब्दांचे अंतर पडले तर कागदावर दोन्ही अक्षरे दिसत राहतात. कानाला मात्र त्यांचा संबंध लागत नाही. दंडीने अनुप्रासाची कसोटी कागदावरून उचलली आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीत नेऊन ठेवली.

याच ग्रंथात महाराष्ट्राशी नाते सांगणारी एक चर्चा आहे. दंडीने काव्याचे दोन मार्ग कल्पिले : एक गौड, म्हणजे पूर्वेकडचा, आणि दुसरा वैदर्भ, म्हणजे विदर्भाचा. गौड कवींना उघड, ठसठशीत अनुप्रासाची हौस. वैदर्भांची आवड मात्र अधिक नाजूक. त्यांना तेच अक्षर पुन्हा पुन्हा नको असते. एकाच उच्चारस्थानातून निघणारी, कानाला सारखी वाटणारी अक्षरे शेजारी शेजारी आली की त्यांचे समाधान होते. पुढे 'श्रुत्यनुप्रास' या नावाने ओळखला गेलेला प्रकार तो हाच. 'नंदादीप तेवत होता' हे साधे वाक्य घ्यावे. त्यात कोणत्याही एका अक्षराचा सोस नाही. तरी न, द, त यांच्या उच्चारांत जीभ पुन्हा पुन्हा दातांशीच जाते, आणि त्या हळुवार स्पर्शांतून देवघरातली शांतता उमटते. परीक्षेत हे वाक्य दिले तर अनुप्रास म्हणून ते किती जण ओळखतील? विदर्भाच्या नावाने ज्या कानाची ख्याती झाली, त्या कानाला मात्र ते प्रथम ओळखू आले असते.

त्यानंतरची चर्चा मुख्यतः काश्मीरमध्ये झाली. उद्भटाने अनुप्रासाच्या तीन वृत्ती सांगितल्या : परुषा, उपनागरिका आणि ग्राम्या. तिसरीला पुढे 'कोमला' असेही म्हणू लागले. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या विचाराला नेटके रूप दिले. त्याच्या मते अनुप्रास म्हणजे वर्णांचे साम्य, आणि हे साम्य व्यंजनांचे असते. स्वर वेगळे असले तरी बिघडत नाही. 'का', 'की' आणि 'को' यांत ककाराचा अनुप्रास होतो तो यामुळेच. अनेक व्यंजने त्याच क्रमाने एकदाच पुन्हा आली तर तो छेकानुप्रास. एक किंवा अनेक व्यंजने पुष्कळदा आली तर तो वृत्त्यनुप्रास. 'अनुप्रास' या शब्दाची त्याने केलेली फोडही मार्मिक आहे : रसाला अनुसरून केलेली वर्णांची उत्कृष्ट मांडणी. या फोडीप्रमाणे, रसाला न अनुसरणारी आवृत्ती त्या नावाला पात्रच ठरत नाही.

कोणत्या रसाला कोणते वर्ण शोभतात, याचाही मम्मटाने तपशील दिला आहे. ट-वर्ग वगळून, अनुनासिकाला त्याच वर्गाचे व्यंजन जोडून झालेली अक्षरे माधुर्याची. ट-वर्ग, श-ष, रेफाची जोडाक्षरे आणि वर्गातील अल्पप्राण-महाप्राणांचे संयोग हे ओजाचे. हा नियम मराठीला कसा लागू पडतो, हे दोन वाक्यांत पाहता येईल. 'मंद गंध घेऊन वसंताचा वारा अंगणात आला' हे वाक्य मोठ्याने म्हणावे. मंद, गंध, वसंत, अंगण या चारही शब्दांत अनुस्वाराची झुळूक आहे, आणि वाक्य आपोआप सावकाश म्हटले जाते. आता दुसरे म्हणावे : 'कडाडून कडा कोसळला, दरडीचे धोंडे धडधडत सुटले.' येथे जिभेला विसावा नाही. ती टाळूवर आपटते आणि मागे येते. दोन्ही वाक्यांत अनुप्रास आहे. पण वारा दुसऱ्या वाक्यातल्या अक्षरांनी वाहणार नाही, आणि कडा पहिल्या वाक्यातल्या अक्षरांनी कोसळणार नाही. ही निवड समजणे हा अनुप्रासाच्या पाठाचा गाभा होय.

नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या सगळ्यावर एक कडक अंकुश ठेवला. शृंगारासारख्या कोमल रसात एकाच प्रकारचा अनुप्रास हट्टाने चालू ठेवला तर तो रसाला उपकारक होत नाही. आणि अलंकार असा असावा की त्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागू नये, भावनेच्या वेगातच तो सिद्ध व्हावा, असे त्याचे मत. शाळकरी निबंधांत याचे प्रत्यंतर नेहमी येते. एखाद्या घरी मृत्यूची वार्ता आली आहे आणि विद्यार्थी लिहितो : 'काकांच्या कोमल काळजात काळाकुट्ट काळोख कोसळला.' आठ ककार एका ओळीत आले. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे अनुप्रास निर्दोष आहे. परंतु वाक्य मोठ्याने वाचताच वर्गात हशा पिकतो. काकांचे दुःख बाजूला राहते आणि 'क' तेवढा पुढे येऊन नाचू लागतो. हा हशा ऐकू येणे आणि त्याचे कारण कळणे, हे आनंदवर्धनाचे मत पाठ करण्यापेक्षा अधिक मोलाचे शिक्षण आहे.

संस्कृतातील ही चर्चा पंडितांपुरती राहिली असेल. पण मराठीत कानाचे शिक्षण सर्वांना मिळाले, ते ओवीने आणि कीर्तनाने. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती श्रोत्यांपुढे. सहाव्या अध्यायात ज्ञानदेव आपल्या बोलांविषयी जी कल्पना करतात ती प्रसिद्ध आहे : या शब्दांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांची आपापसांत भांडणे लागतील. ऐकणे हे चाखणे व्हावे, अशी प्रतिज्ञा करणारा हा कवी नादाबद्दल बेफिकीर कसा असेल? ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा; त्या बंधनामुळे न लिहिता-वाचता येणाऱ्यालाही ओवी एकदोन वेळा ऐकून पाठ होत असे. जात्यावर दळणाऱ्या बायांना अलंकारशास्त्राचे नाव माहीत नव्हते. पण चरण कोठे जुळला आणि कोठे निसटला, हे त्यांचा कान अचूक सांगत असे.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत पंडित कवींनी या नादाचा व्यायाम पराकोटीला नेला. वामनपंडिताला 'यमक्या वामन' हे नाव पडले, त्यात कौतुक आणि थट्टा दोन्ही आहेत. बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी तर अक्षरांशी खेळ करीत रामकथा नाना परींनी सांगितली. त्यांचे 'निरोष्ठ रामायण' हा त्यातला एक नमुना. निरोष्ठ म्हणजे ज्यांच्या उच्चारात ओठाला ओठ लागत नाही अशाच अक्षरांचे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य म्हटल्यावर 'राम' हे नावच वर्ज्य होते, आणि ज्याची कथा सांगायची त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारणे भाग पडते! दंडीच्या 'दशकुमारचरिता'तही असाच एक प्रसंग आहे. प्रियेच्या दंतक्षताने ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली हकिकत ओष्ठ्य अक्षरे टाळून सांगतो. दंडीच्या निर्बंधाला कथेतले कारण आहे. पंतांच्या निर्बंधाला शब्दप्रभुत्वाखेरीज दुसरे कारण शोधावे लागते.

तरीही पंतांची आर्या केवळ कसरत मानणे अन्यायाचे होईल. ती ग्रंथात मिटून पडली नाही. कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. सोलापूरचे रामजोशी हे लावणीचे नामांकित शाहीर पुढे कीर्तनाकडे वळले, आणि मोरोपंतांच्या आर्या डफ-तुणतुण्याच्या संगतीत वाढलेल्या त्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोहोचल्या. आर्येतला प्रत्येक शब्द श्रोत्याला कळत असेल असे नाही. पण अनुप्रासाची आणि यमकाची साखळी इतकी घट्ट की, कळण्याआधी ती लक्षात राही, आणि लक्षात राहिलेली आर्या पुढे केव्हातरी कळे. पाठांतराचे हे बळ अनुप्रासाच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

१८५४ साली परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी 'नवनीत' हा जुन्या कवितेचा वेचा सिद्ध केला, आणि ही कविता कीर्तनाच्या मंडपातून शाळेच्या बाकावर आली. त्यामुळे वामन-मोरोपंत पुढच्या पिढ्यांना उपलब्ध राहिले, हा मोठाच लाभ झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त मोरोपंतांच्या कवितेचा विस्ताराने कैवार घेतला, तोही या वाचकांच्या बळावर. पण एक बदल नकळत घडला. पूर्वी आर्या आधी कानात शिरत असे आणि मग केव्हातरी डोळ्यांपुढे येत असे. आता ती आधी डोळ्यांपुढे आली. छापील ओळीखाली रेघ ओढता येते. ऐकलेल्या ओळीखाली रेघ ओढता येत नाही. अनुप्रास ओळखण्याची आजची रीत या रेघेतून जन्मली.

कान जपल्याने भाषा कशी जगते, याचे एक उदाहरण गोमंतकात आहे. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या नवख्रिस्ती समाजासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परक्या देशात जन्मलेल्या या माणसाने ओवीचा कान कसा कमावला होता, हे ग्रंथाच्या आरंभीच्या मराठीच्या स्तुतीत दिसते. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर अशी उपमांची माळ गुंफताना 'माजि' हा एकच छोटा शब्द ते पुन्हा पुन्हा आणतात. त्या आवृत्तीवर सारी माळ तोलली जाते. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरीही पुराणाच्या ओव्या गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांत हस्तलिखितांतून आणि गळ्यांतून टिकल्या. १९०७ साली मंगळूरला त्यांची नवी आवृत्ती निघाली, आणि १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी पुराण देवनागरीत छापले. ओवी पाठ होण्याजोगी नसती, तर अडीचशे वर्षांचा हा प्रवास तिला साधला असता की नाही, याची शंका वाटते.

स्टीफन्स ज्या देशातून आले, तेथील जुन्या कवितेत अनुप्रासाचे स्थान आणखी मोठे होते. जुन्या इंग्रजी काव्यात अंत्ययमक नव्हे, तर आघातयुक्त शब्दांच्या आरंभीच्या वर्णांचे साम्य हेच ओळीचे दोन भाग सांधत असे. 'बेवुल्फ' हे महाकाव्य त्याच बांधणीचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या रीतीचा अतिरेक थट्टेचा विषय झाला होता. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे; एका हरणाच्या शिकारीवर तो आवर्जून एकाच अक्षराची रेलचेल करून कविता रचतो आणि स्वतःच्याच चातुर्यावर खूश होतो. अनुप्रासाच्या अतिरेकाचे हसू करताना नाटककाराला शिक्षकच आठवावा, ही गोष्ट शिक्षकवर्गाने विसरण्याजोगी नाही.

इंग्रजी अध्यापनातून आलेली एक सवय मराठी वर्गातही शिरली आहे : अनुप्रास म्हणजे शब्दांची पहिली अक्षरे सारखी असणे. 'पोपट पेरू पटापट पोखरून पळाला' अशी वाक्ये मुले हौसेने रचतात. आरंभाला हा खेळ चांगला. पण तेथेच थांबले तर मराठीचा अर्धा नाद हातचा जातो. कारण मराठीतली दोन अत्यंत नादवान अक्षरे, 'ळ' आणि 'ण', शब्दाच्या आरंभी येतच नाहीत! 'उन्हाळ्याच्या झळांनी कोवळी केळ कोळपली' हे वाक्य पाहावे. पहिली अक्षरे पाहणाऱ्याला तीन ककार मिळतील. पण वाक्याचा प्राण शब्दांच्या आत आणि अखेरीस आलेल्या पाच ळकारांत आहे. केळीचे पान वाकावे तशी जीभ प्रत्येक वेळी वळते. आवृत्ती शब्दात कोठेही असो, ती धरावी, हा आपल्या शास्त्राचा नियम मराठीच्या प्रकृतीला धरून आहे.

दुसरी अडचण लिपीची. मराठीत 'च' एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. 'चंद्र', 'चिमणी', 'चेहरा' यांतला च तालव्य; 'चाक', 'चूल', 'चांदणे' यांतला दंततालव्य. 'ज'चेही तसेच : 'जीवन' आणि 'जननी' एका जातीचे, 'जाते' आणि 'जोंधळा' दुसऱ्या. म्हणून 'चंद्राचे चांदणे' या दोन शब्दांच्या आरंभी डोळ्याला एकच अक्षर दिसते, कानाला मात्र दोन ऐकू येतात. उलट 'शेत' आणि 'सोने' यांच्या आरंभीची अक्षरे वेगळी असूनही कानाला ती एकमेकांची भावंडे वाटतात. जो विद्यार्थी ओळ ऐकतो त्यालाच हा भेद कळेल.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत हा भेद केवळ अलंकाराचा राहत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे दिवसभर कानावर हिंदी पडते. हिंदीला दंततालव्य च-ज नाहीत आणि तिच्या प्रमाण उच्चारात ळही नाही. तेथील मूल घरी आजीच्या तोंडून 'चाक' आणि 'बाळ' ऐकते, पण बोलताना हळूहळू तालव्य 'चाक' आणि 'बाल' म्हणू लागते. बडोद्याला गुजराती आणि बेळगावला कन्नड ळ सांभाळायला मदत करतात. गोव्यात कोकणी आणि हैदराबादेत तेलुगू दंततालव्य उच्चार कानावर ठेवतात. प्रत्येक गावाची शेजारभाषा काही देते आणि काही पुसून टाकते. अशा ठिकाणी मुलाला 'तुझा उच्चार चुकला' असे दहा वेळा सांगण्यापेक्षा, ळकारांनी भरलेले एक वाक्य त्याच्याकडून रचून घेणे आणि म्हणवून घेणे अधिक गुणकारी. व्याकरण जेथे टोचते तेथे खेळ रुचतो.

अशा खेळाचे साहित्य दूर शोधायला नको; ते घराघरात आहे. भाजीभाकरी, मीठमिरची, पालापाचोळा, काबाडकष्ट, कडेकपारी, खाचखळगे, सगेसोयरे, जमीनजुमला, बाडबिस्तरा, मानमरातब, डामडौल, धनधान्य : हे जोडशब्द कोणा कवीने घडवलेले नाहीत. बोलणाऱ्यांच्या पिढ्यांनी ते जिभेवर घासून गुळगुळीत केले आहेत. 'गाढवाला गुळाची चव काय' या म्हणीतले दोन गकार काढून पाहावेत. अर्थ राहील, पण म्हण राहणार नाही. आजीच्या तोंडचे असे वीस जोडशब्द गोळा करून आणण्याचा गृहपाठ दिला, तर मुलाला अनुप्रासही कळेल आणि आजीशी त्याचे मराठीतून बोलणेही होईल.

आधुनिक कवितेने यमकाचे बंधन पुष्कळ सैल केले. अनुप्रासाला मात्र तिने निरोप दिला नाही. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांची गेयता ज्या कोमल वर्णांवर उभी आहे, ती मम्मटाच्या उपनागरिकेला साजेशी आहे. गोमंतकाचे बा. भ. बोरकर यांची पावसाळी ढगांवरील कविता व्याकरणाच्या पुस्तकांत अनुप्रासाचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे छापली जाते. बा. सी. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील कोरडेपणा दाखवण्यासाठी कठोर, खडबडीत नाद मुद्दाम योजला. बोरकर आणि मर्ढेकर या दोघांनीही आकाशवाणीवर काम केले होते. लिहिलेला शब्द ऐकला कसा जातो, हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

या इतिहासातून वर्गासाठी निघणारा क्रम अगदी साधा आहे. ओळ फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने ती दोन वेळा म्हणावी. मुलांची पुस्तके मिटलेली असावीत. कोणता नाद परत आला, हे मुलांनी ऐकून सांगावे. मग ओळ फळ्यावर लिहावी आणि कानाने सांगितलेले डोळ्याने पडताळून घ्यावे. जेथे दोघांचे पटत नाही, तेथे च-ज-ळ यांचा पाठ आपोआप निघतो. त्यानंतर त्याच अर्थाची, पण अनुप्रास नसलेली ओळ तयार करावी. 'उन्हाने केळीचे झाड वाळले' असे म्हटले की बातमी पोहोचते. 'उन्हाळ्याच्या झळांनी कोवळी केळ कोळपली' असे म्हटले की ऊन जाणवते. काय मिळाले आणि काय गमावले, हे मुलांनीच सांगावे.

लेखनाचा पाठ याच्याही पुढचा. मुलाने आधी आपल्याला काय सांगायचे आहे ते साध्या शब्दांत लिहावे, मग मोठ्याने वाचावे. वाचताना दोन शब्द आपसूक जवळ आलेले आढळले तर त्यांना आणखी एक सोबती शोधून द्यावा. आढळले नाहीत तर आग्रह धरू नये. शेवटी एक परीक्षा घ्यावी : अक्षरासाठी आणलेला शब्द काढून टाकला तर अर्थाचे काही बिघडते का? काकांच्या काळजातला 'काळाकुट्ट' काढला तर काही बिघडत नाही, उलट दुःख थोडे खरे वाटू लागते. 'कोमल'ही काढावा. मग उरते 'काकांच्या काळजात काळोख झाला', आणि एवढे चार ककार ते दुःख निमूटपणे पेलतात. 'अपृथग्यत्न' हा आनंदवर्धनाचा शब्द विद्यार्थ्याला कधीच भेटला नाही तरी चालेल. आपल्याच वाक्यातले दोन शब्द खोडताना त्याचा अर्थ त्याच्या हाताला कळलेला असतो.

प्रश्नपत्रिकेतला एक गुण राहीलच, आणि तो मिळवायलाही हरकत नाही. पण अलंकार ओळखण्याचा तास महिन्यातून एकदा तरी पुस्तके मिटवून घेतला जावा. मराठी मुलखापासून दूर असलेल्या शाळांत तर तो अवश्य घेतला जावा. कारण तेथे मराठी छापील पुस्तकांत आणखी बराच काळ सुरक्षित राहील, पण ती मुलांच्या कानांत राहील की नाही, हे अशा तासांवर अवलंबून आहे.